बारीक

एकतीस किलो.
मार्केट यार्डात हळदीच्या काट्यावर
हमालांनी हसत उभी केली मला,
पलीकडचं पन्नासाचं माप जागचं हललंसुद्धा नाही.
मग हसायचे थांबले.

आदल्या वर्षी नवरा गेला होता,
कोचीनपर्यंत पोती पोचवणारा.
गल्लीत एकच शब्द फिरायचा : बारीक.
कल्लव्वा बारीक झाली.
पुढचं कुणी बोलायचं नाही,
पुढचं सगळ्यांना पाठ होतं.

शकिला माझ्या शेजारी बसून हळकुंडं निवडायची.
बांगड्या कोपरापर्यंत घसरायच्या तिच्या,
शेवटी दोरा गुंडाळून अडकवल्या होत्या.
सिव्हिलमध्ये गोळ्या आल्या
तेव्हा ती कब्रस्तानात.
चार महिने.
फक्त चार महिन्यांनी चुकली.

म्हणून मी खाल्लं.
रात्री नऊची गोळी, आणि मिळेल ते :
शाळूची भाकरी, शेंगदाण्याची चटणी,
पुडाच्या पुडा भडंग, दुसऱ्याच्या पंगतीतली जिलबी.
दंडावर ब्लाउज उसवला त्या दिवशी
दार लावून नाचले.
बेचाळीस. पंचावन्न. एकसष्ट.
प्रत्येक किलो शकिलाला दाखवावासा वाटला.
वहिनी म्हणाली, बाळसं धरलंस गं,
आणि गल्ली जुना शब्द विसरली.

आता चौऱ्याऐंशी.
शिरदवाडे डॉक्टरीण कागद पुढं सरकवते :
विषाणू सापडत नाही.
पेढे वाटू का, मी विचारते.
ती हसते, पण चष्मा काढते.
चष्मा काढला की दुसरी बातमी असते.

“सापडत नाही म्हणजे गेला नाही, कल्लव्वा.
दडून बसलाय.
आणि रक्तातले राखणदार
वीस वर्षं डोळा लावून झोपलेले नाहीत.
आत सूज आहे, वरून न दिसणारी.
ही चरबी पण नुसती पडून नसते,
तीही सरपण घालते.
जाळ मोठा नाही, बारीक आहे.
पण बारीक जाळाकडं कुणी बघत नाही
आणि भांडं बुडातून जातं.
आधी साखर. मग हृदय.”

मी पोटावर बोट दाबून बघते.
जन्मभर सुजेवर हळद लावली,
ह्याला कुठून लावू?

हरिपूरच्या पेवात उतरायच्या आधी
बाप दोरीनं कंदील सोडायचा.
वात विझली तर उतरायचं नाही.
वर जमीन सपाट, सारवलेली,
आम्ही पोरं तिच्यावर गोट्या खेळायचो,
खाली अंधारात वर्षावर्षाची हळद.
मी तसली सारवलेली जमीन.
रिपोर्टावर साखर एकशे चौऱ्याण्णव.
वात फडफडतीय. विझली नाही.

“दहा किलो तरी उतरवा. चालत जा रोज.”

दहा किलो.
हिला कसं सांगू,
की मरणाचं भ्या नाही, त्या शब्दाचं आहे.
गळ्याचं हाड वर आलं
की गल्ली पुन्हा हिशेब मांडणार.
ही चरबी नाही हो बाई,
हा पदर आहे,
डोक्यावरून नीट घेतलेला.

तरी पाचला उठते.
पोराचे जुने बूट, पुढं कापूस कोंबलेला,
हरिपूर रस्ता, चिंचांखालचा काळोख.
गुडघे भांडतात.
कृष्णा-वारणेच्या संगमापर्यंत जायचंय कधीतरी,
अजून बागेतल्या गणपतीपाशीच दम संपतो.

साडेतीन किलो गेले.
काल नळावर गंगाक्का थबकली,
घागर कमरेवर, नजर माझ्या दंडावर.
“बारीक झालीस गं.”
अंगावर काटा आला,
तोच, यार्डातला.
मग म्हणाले,
“व्हय. चालते.”

ती बघतच राहिली.
पाण्याला जोर नव्हता, बारीक धार,
घागर भरायला वेळ लागणार होता.