गुरुवारचा थर्मास

फ्रिजच्या दारात, अंड्यांच्या कप्प्यात
आता इंजेक्शनचं पेन असतं.
अंडी टोपलीत गेली.
सासूबाई आधी कुरकुरल्या,
मग त्यांनीच कप्प्याला कुंकवाचं बोट लावलं.

धनकवडीच्या त्या शाळेत पहिल्यांदा गेले तेव्हा
सगळे चित्रकलेच्या वर्गात,
मुलांच्या बाकांवर, गुडघे पोटाशी घेऊन.
मी वाटच बघत होते –
नववीत? वाटत नाही हो.
दोरीच्या उड्या मारायला लावा.
तुमच्याकडे कुणी आहे का असं, की ह्यांच्याकडे?

फरझाना म्हणाली, मांडीत देता की पोटावर?
आणि पिशवीतून मोसंबी काढून
माझ्या हातात सुई दिली.
दोन मोसंबी भोसकली मी त्या दिवशी.
तिसरं आम्ही सोलून खाल्लं.

बाबरकाकांनी ह्यांना दम भरला :
रोज रोज चौकटीशी उभं करायचं नाही पोरीला,
महिन्यातून एकदा, तेही तिला विचारून.
काकांचा लेक चार फुटांवर थांबला.
सिंहगड रोडला घड्याळं दुरुस्त करतो,
दुकानाचा काउंटर त्याने स्वतःच्या मापाने करून घेतलाय,
गिऱ्हाईक वाकतं.

गुरुवारी आमच्याकडे लाइट जाते.
कधी तासात येते, कधी दिवेलागण होते.
फरझानाच्या झैदला हे औषध नाही,
त्याच्या हाडांचं दुखणं निराळं.
पण तिच्या सोसायटीला जनरेटर आहे
आणि झैदच्या दुधाचा लाल थर्मास
तिने कधीच आमच्याकडे देऊन ठेवलाय.
बर्फ घाल, निघ, म्हणते. मी गेटवर आहे.

परवा गौतमी सोबत होती, थर्मास मांडीवर.
कंडक्टरने न बघताच अर्धं फाडलं.
फुल द्या, ती म्हणाली.
त्याने माझ्याकडे पाहिलं.
मी खिडकीतून मार्केट यार्डचे टेम्पो मोजत राहिले.
चौदा पूर्ण आहेत मला, फुल द्या.
दिलं त्याने. पाच रुपये जास्त गेले.

कोंढव्याला उतरताना पायरी उंच होती.
मी हात पुढे करायचा नाही असं ठरवलं होतं.
केलाच.
तिने त्यात थर्मास दिला
आणि उडी मारली.