शेवटची ओळ

माझं ऑफिस अशोक चौकात, झेरॉक्सच्या वर.
जिन्याला कठडा एकाच बाजूला.
जूनमध्ये इथे पालक बसतात
मार्कशीटची पिशवी मांडीवर धरून,
दवाखान्यात नंबर लावल्यासारखे.

बावीस वर्षं याद्या लिहितोय.
वर तीन नावं, मिळाली तर नशीब.
मध्ये दहा-बारा, गेल्या वर्षीचा कट-ऑफ बघून.
आणि अगदी खाली एक,
जे कुणी मोठ्यानं वाचत नाही,
पण ज्याच्या भरवशावर आई रात्री झोपते.
माझी फी खरं तर त्या एका ओळीची.
बाकीचं कुणीही लिहील.

वडील जकार्डचे पत्ते पाडायचे.
एक भोक चुकलं की मोराचा पाय तुटायचा
आणि चादर सेकंडमध्ये जायची.
पत्ता उजेडाकडे धरून बघायचे ते.
मीही यादी तशीच धरतो. आरपार काही दिसत नाही,
पण सवय.

यंदा स्रवंती गड्डम आली, आईबरोबर.
आईची नखं पिवळी, बोटांना तंबाखूचा वास,
आल्या आल्या पंख्याखालची खुर्ची सोडून
दाराजवळच्या स्टुलावर बसली.
मी रजिस्टर उघडलं, पोरीनं फोन पुढे केला.
अभिनंदन, स्रवंती! तुमची जागा राखून ठेवली आहे.
एक नाही, असे चार.
अर्ज केलेला नाही कुठंच.
कधीतरी सराव परीक्षेच्या फॉर्मवर
मार्क आणि मोबाईल नंबर भरला होता, तेवढंच.

पूर्वी थेट प्रवेश म्हटलं की
आवाज खाली यायचा, पाकीट वर यायचं.
शब्द तोच राहिला. आता कॉलेजच हाक मारतंय.

"तेच बोलवायलेत की वो सर," आई म्हणाली,
"मग तुमी काय करणार?"
टोमणा नव्हता तो.
बाजारात एखादी वस्तू हातात घेऊन
हे कशाला लागतं, असं विचारतात ना, तसं.
खाली झेरॉक्सचा उजेड एकदा सरकला, परत आला.
म्हणालो, उद्या या.

चालून आलेल्या स्थळाची
आधी चौकशी करतात, पेढे नंतर.
चौघांना फोन लावले.
पहिल्याची सवलत पहिल्या वर्षापुरती.
दुसऱ्याचं हॉस्टेल गावाबाहेर, सहानंतर बस नाही.
तिसऱ्याला स्रवंती कोण हेच ठाऊक नव्हतं,
त्या बाईंनी माझा नंबर लिहून घेतला
आणि रात्री मलाच अभिनंदनाचा मेसेज आला.
चौथं बरं निघालं.
म्हटलं, चारही वर्षांची फी लेखी द्या.
तर दिली.

म्हणजे शेवटची ओळ भरली होती.
माझ्याविना.
रात्री भाकरी मोडताना बायको म्हणाली,
"काय झालंय? चटणी तशीच हाय."

दुसऱ्या दिवशी मधली बारा नावं वाचत बसलो.
हे का लिहिलं? ते नाही मिळालं तर.
ते का? हे नाही मिळालं तर.
निम्मी यादी नुसती भीती होती, माझ्या अक्षरात.
नऊ खोडली.
कागद एकदम मोठा वाटायला लागला.

"आता वर तू सांग," म्हटलं.
स्रवंती बराच वेळ पेनाचं टोपण उघडझाप करत राहिली.
मग तिनं एक नाव घेतलं
जिथे माझ्या रजिस्टरातून कुणी गेलेलं नाही.
मला त्याचा कट-ऑफही पाठ नव्हता.
"बहुतेक नाही मिळणार."
"म्हाईताय सर. लिवा."

आईनं गाठ सोडून फी मोजली.
मी निम्मी परत केली.
तिला कळेना. दोनदा विचारलं, कमी का?
काय सांगणार?
म्हटलं, खालचं नाव माझं नाही.
तरी तिनं नोटा पुन्हा मोजल्या,
जणू चूक तिचीच झाली होती.

जिना उतरताना आई कठड्याच्या बाजूनं.
पोरगी दुसऱ्या, फोनमध्ये बघत.
हाक मारणार होतो,
पण ती खाली पोचली होती.