पान तेवीस

तीनशे प्रती छापायच्या ठरल्या
डिचोलीत, रोहिदास च्यारीच्या छापखान्यात,
जिथे एरवी लग्नपत्रिका, नाटकांची हँडबिलं
नि पंचायतीची पावतीपुस्तकं निघतात.
पहिलं पान पाहून त्याने चष्मा कपाळावर सरकवला:
'सर्व हक्क स्वाधीन' ही वळ खंय?
म्हटलं, नाही घालायची. ही सगळी प्रणालीच तशी आहे.
कुणीही छापावं, वाटावं,
चुकलं असेल तिथे दुरुस्त करावं,
फक्त पुढच्याला अडवू नये.
बराच वेळ तो शाईचे हात पुसत राहिला.
"मागीर तुजें कितें उरता?"
मी म्हटलं, चुका.

उरल्याच.
कर्नल हा शब्द आठ ठिकाणी होता.
मुद्रितं तपासणाऱ्या इंदुमतीबाईंनी, जन्मभर शाळेत शिकवलेल्या,
आठही ठिकाणी मानाने 'कर्नलसाहेब' केलं.
मला सापडले सात.
आठवे अजून पान एक्केचाळीसवर
यंत्र आणि माणूस यांच्या मधोमध उभे आहेत
आणि खरं सांगायचं तर
काम तेच करतात.

होम म्हणजे घर, असं मी लिहिलं होतं,
हवनातला नव्हे, समिधा लागत नाहीत.
तुमच्या नावाची एक खोली,
तिच्यात काहीही मोडलं तरी इमारत पडत नाही.
हे वाक्य चार वेळा खोडलं, पाचव्यांदा ठेवलं.
नवख्याला आधी हेच हवं असतं:
कुठवर मोडता येईल, ते.

वाचनालयातली प्रत पहिल्यांदा नेली गुणाजी मळीक यांनी.
खाणीच्या वजनकाट्यावर बावीस वर्षं कारकून,
आता खाण बंद, काटा गंजलेला,
घरात संगणक नाही.
तरी दोनदा मुदत वाढवून घेतली.
मी विचारलं, यंत्राशिवाय वाचता काय?
"ट्रक येण्याआधी
काटा शून्यावर आणून ठेवायचा असतो," म्हणाले.

मग भाचीने मडगावहून
तिचा जुना लॅपटॉप आणून दिला.

चवथ झाल्यावर पुस्तक परत आलं.
कडा ओलीने फुगलेल्या, कण्याला कसर.
मी पानं उलटली, स्वतःची उत्तरपत्रिका उलटावी तशी.
पान सतरा, समासात पेन्सिल: 'हे बटण येथे नाही. उजवीकडे वर आहे.'
बरोबर होतं. शाई वाळेपर्यंत
बटणाने जागा बदलली होती.

पान तेवीस. तिथे माझं छापील:
पासवर्ड लिहिताना पडद्यावर काहीही दिसणार नाही,
ना टिंब, ना चांदणी, कर्सरही जागचा हलणार नाही.
घाबरू नका. यंत्र ऐकतंय.

शेजारी, वजनाच्या चिठ्ठीवर असतं तसं
सरळ उभं अक्षर:
'येथे दोन रात्री थांबलो.
एस कळ दोनदा पडते, दिसत नसल्याने कळले नाही.
यंत्र ऐकते खरे. जास्तच ऐकते.
हळू दाबली. उघडले.
रात्रौ ११.४०, गु. म.'

त्याखाली दुसऱ्या कुणाचं, निळ्या शाईत: 'मीही.'
त्याखाली, हिरव्या: 'मी एकच रात्र.'

दुसऱ्या आवृत्तीत बटणं जाग्यावर नेली,
कर्नलसाहेबांना राहू दिलं.
पान तेवीसवर 'कळ हळू दाबा' घातलं
आणि खाली अर्धं पान कोरं सोडलं.
रोहिदासने प्रूफ उजेडात धरलं.
"कागद फुकट वता गो."
मी पेन्सिलींचा भाव विचारला.