गार होईपर्यंत

खाण बंद पडली तसा केंटकीच्या या घळीत
पगाराचा दिवस असा उरला नाही,
कार्डात पैसे पडायचा दिवस उरला.
त्या आठवड्यात आमचं दुकान भरतं.
मी गल्ल्यावर. छातीवर नावाची पट्टी, व्हर्लीन.
कुणाच्या घरी काय शिजणार
हे घरच्यांआधी मला कळतं.

कार्डं सगळी सारखीच, काढायच्या तऱ्हा निराळ्या.
कुणी पत्त्यासारखं तळहातात झाकतं,
कुणी आपटतं, भांडायलाच आल्यासारखं.
डेल्फिया स्टिडम पाकिटातल्या पाकिटातून काढते
आणि काढता काढता मला हवामान सांगते,
म्हणजे तेवढ्यात मागून कुणी काही बोलू नये.

नियम असा आहे :
कोंबडी गार असेल तर कार्डावर चालते.
गरम असेल तर नाही.
कच्ची चालते, गोठलेली चालते,
काल भाजून आज फ्रिजमध्ये ठेवलेलीही चालते.
वाफ निघाली की चैन.
हा नियम ज्यानं लिहिला
तो घरी पोचायचा तेव्हा
कुणीतरी आधीच ताट वाढलेलं असणार.

परवा रांगेत ऑर्विल कॉम्ब्स बोलत होता,
डेल्फियाला ऐकू जाईल इतपत मोठ्यानं :
आयतं मिळालं की माणसाचे हात झडतात.
आमचे बाप डोंगर पोखरून जगले.

खरंय. त्याचा बाप माझ्या बापाबरोबरच खाली उतरायचा.
दोघांच्या छातीत कोळसा बसला,
दोघांना मरेपर्यंत सरकारी चेक आला,
आणि त्या चेकवर ऑर्विल वाढला, सहा फूट, धडधाकट.
त्याला आम्ही हक्काचा पैसा म्हणायचो.
अजूनही म्हणतो.
फुफ्फुस देऊन घेतलेलं कुणी फुकट म्हणत नाही.

मी गप्प राहिले. गल्ल्यावरच्या बाईनं मत बाळगू नये.
शिवाय ऑर्विल अगदीच खोटा नाही.
माझा भाचा जार्विस, चोवीस वर्षांचा, अकराला उठतो.
गोदामात लागला होता, साठ मैलांवर.
पहिला पगार झाला, कार्ड थांबलं,
दुसऱ्या पगाराआधी गाडीचा गिअर गेला.
मग गाडी नाही, नोकरी नाही,
कार्ड परत सुरू व्हायला नऊ आठवडे.
आता कामाचं विचारलं की खांदे उडवतो.
ते खांदे मला बघवत नाहीत.
त्याला आळस म्हणावं की हिशेब,
बहिणीशी भांडूनही ठरलेलं नाही.

आणि माझं?
मला आठवड्याला अठ्ठावीस तास देतात,
तीस झाले तर विमा द्यावा लागेल म्हणून.
तेव्हा कार्ड माझ्याकडेही आहे.
ते मी वीस मैलांवरच्या गावात वापरते,
जिथं गल्ल्यावरची पोरगी मला ओळखत नाही.
पेट्रोल धरलं तर तोटाच.
हे ऑर्विलला माहीत नाही.
डेल्फियाला बहुतेक माहीत आहे.

दर गुरुवारी सातच्या सुमारास ती येते
आणि शुभेच्छापत्रांच्या मांडणीपाशी उभी राहते.
लवकर बरे व्हा. नातवाचं अभिनंदन. तुमच्या दुःखात सहभागी.
सगळी वाचून झाली आहेत तिची, दोन-दोनदा.
घेत नाही, कार्डावर चालत नाहीत.

मी काचेच्या पेटीतून एक कोंबडी काढते,
दुधाच्या शेजारी, थंड फळीवर ठेवते,
वरची चिठ्ठी बदलते.
मग गिऱ्हाइकं करते. पाव, बॅटरी, कुत्र्याचं खाणं.
घड्याळाकडे आम्ही दोघीही बघत नाही.

यंत्र हो म्हणतं.
ती पिशवी हातात धरत नाही,
कोटाच्या आत घेते, पोटाशी,
आणि जाता जाता सांगते, उद्या धुकं पडेल.

वरून गार लागते.
हाडापाशी अजून कोमट असते.