घडीवरचं गाव

नकाशा कागदी, जुना,
चारशेदा उघडून चारशेदा मिटलेला.
उभी घडी आडव्या घडीला जिथे भेटते
तिथे झिजून भोक पडलं होतं,
मुगाच्या दाण्याएवढं.
त्या भोकात मी शिरलो
मंगळवारी, दुपारी सव्वातीनला,
पेट्रोल संपत आलेल्या जावावरून.

बल्गेरियात ऑगस्टच्या उन्हाला घाई नसते.
दोन्ही बाजूंना सूर्यफुलं,
शेवटच्या तासाला बाकावर कलंडलेल्या
पोरांसारखी माना टाकून.
वेशीवर एक जण कलिंगडं विकत होता.
टाकी ठोकून विचारलं, पेट्रोल?
त्याने मान हलवली
डावीकडून उजवीकडे, सावकाश.
नाही तर नाही.

पन्नास पावलांवर गाडीने मान टाकली.
ढकलत निघालो चढावर,
घामाने डोळे चुरचुरत,
पंपाच्या अगदी समोरून.
पंप होता. पंपावर बाई होती,
सूर्यफुलाच्या बिया फोडत बसलेली.
मी तिच्याकडे पाहिलं आणि पुढे गेलो.
बंदच असणार. नाही म्हणाला होता ना तो.

(इथला होकार असा आडवा हलतो
हे कळलं ते चढ संपल्यावर.)

माथ्यावर टेकलो, तेव्हा दारं दिसली.
एकूण एक दार जहाजाच्या रंगाचं.
गलबताच्या पोटाचा लाल,
क्रेनचा नारिंगी,
युद्धनौकेचा तो ढगाळ करडा.
आणि समुद्र इथून चार तासांवर!
दारापुढच्या कोंबड्यांना बंदर म्हणजे काय
हे कुणी सांगितलंसुद्धा नसेल.

ते सगळं गेनादीचं, म्हणाली बाबा स्तोयांका.
बाबा म्हणजे तिकडे आजी.
मी तिला हाक मारायचो
आणि दर वेळी माझ्या वडिलांचा चष्मा
तिच्या नाकावर येऊन बसायचा.
नात त्स्वेता तिचं बोलणं
मोडक्या इंग्रजीतून माझ्यापर्यंत पोचवत होती,
वाटेत थोडं सांडत:
गोदी बंद पडली. सात महिन्यांचा पगार बुडाला.
मालक म्हणाला, पैसे नाहीत, रंग आहे, ने.
एकशे चाळीस डबे.
ट्रकभर रंग घेऊन गेनादी गावी आला
आणि आठवडाभर कुणाशी बोलला नाही.
मग त्याने आईचं दार रंगवलं.
मग शेजारणीचं, ती रुसली म्हणून.
मग देवळाचं, तेव्हा पाद्री भांडला,
दोन दिवसांनी हळूच येऊन म्हणाला,
कडेला जरा नारिंगी चालेल.

गेनादी स्वतः आला तो
पाच लिटरचा कॅन घेऊन.
मी पैसे काढले. त्याने मान खाली-वर केली.
हो म्हणतोय समजून नोट पुढे केली
तर रागावलाच.
मग वाकून मडगार्डवरचा गंज नखाने खरवडला,
फुंकर मारली,
आणि घरातून शेवटचा डबा आणला.
झाकण स्क्रूड्रायव्हरने उचकटलं.
वर जाड साय धरली होती,
ती त्याने बोटाने बाजूला सारली,
खाली नारिंगी, अजून ताजा.

हा रंग समुद्रासाठी केलेला,
सुकायला दोन रात्री घेतो.
म्हणून राहिलो.
एवढंच कारण, दुसरं काही सांगण्याजोगं घडलं नाही.
संध्याकाळी लोक खुर्च्या रस्त्यावर आणत,
ज्याची त्याची आपल्या दाराला पाठ,
टोमॅटो कापत, मीठ पुढे सरकवत.
कुणी मला कुठून आलास विचारलं नाही.
गेनादी अधूनमधून उठून
मडगार्डला करंगळी लावून बघायचा,
आणि मान हलवायचा.
अजून ओलं की झालं,
मी अर्थ लावणं सोडून दिलं होतं.

निघताना त्स्वेता चिकटपट्टी घेऊन आली,
नकाशातलं भोक बुजवायला.
नको, म्हणून मी मान हलवली,
आमच्यासारखी.
तिने लगेच पट्टी लावली,
अंगठ्याने घासून घट्ट बसवली.

आता तिथे भोक नाही.
पट्टीखाली बियांचं एक टरफल अडकलंय,
काळं, पांढऱ्या रेघेचं,
नेमकं गावाच्या जागी.