काटा

शाहूपुरीत, गुळाच्या पेठेत
बावीस हंगाम मी काट्यावर उभा आहे.
दांडी, वजनं, मेणचटलेल्या साखळ्या,
आणि दांडीखाली अलगद सरकणारा हा अंगठा.
रव्यामागं पाव किलो. पावच.
एकशेवीस रवे झाले की दिवेलागणीला
हिशेबाबाहेरचा एक रवा उरायचा,
तो पोत्यात गुंडाळून स्टेशनकडच्या चहावाल्याला.

शेठनं शिकवलं नव्हतं, हे आधी सांगून टाकतो.
शेठ गादीवर तंबाखू मळत असायचे.
घरात चूल विझलेली नव्हती.
मार्थाची फी भरून झाली होती,
पावती अजून शास्त्राच्या पानांत आहे.

तरी उपासनेत मी मागच्या बाकावर
कुणाचं तरी नाव शोधत बसायचो.
सैतानाचं सोयीचं वाटलं.
अख्ख्या पेठेत तोच एक असा,
त्याच्या खात्यावर काहीही मांडा,
पावती मागत नाही.

मग देवावर आलो.
उसात गोडी कुणी घातली?
अंगठ्याला इतकी मऊ पेरं कुणी दिली?
मालच त्याचा असेल तर मी कोण,
नुसता हमाल.

असं म्हणालो खरा, पण मी गुळातला माणूस.
काहिलीत रस उकळतो तेव्हा मळी वर येते.
गुळव्या भेंडीचं पाणी ओततो,
झाऱ्यानं ती बाजूला काढतो.
आच मळी घालत नाही.
रसात होतं तेच ती वर आणते.

आदामानं हव्वेकडं बोट केलं,
हव्वेनं सापाकडं.
सापाला बोटच नव्हतं.
तेव्हापासून म्हणे जमिनीला काटे फुटतात.
माझा लोखंडी आहे,
दर साली शिक्का मारून आणलेला.

प्रभुभोजनाच्या रविवारी
भाकरीचा तुकडा चिमटीत धरला
आणि चिमटीतला अंगठा दिसला.
रेव्हरंड भंडारे पुढच्या बाकाकडं सरकले होते.
तुकडा ताटात परत ठेवता येत नाही.

सोमवारी सायकल काढली,
शिवाजी पूल ओलांडून वडणग्याला,
आक्काताई चौगुलेंच्या गुऱ्हाळावर.
बाई चुलवाणात चिपाडं सारत होत्या.
म्हटलं, यंदा तुमच्या रव्यांवर काटा मारला.
कुणी?
मी.
बावीस हंगामांत एवढं जड
काही उचललं नव्हतं.

बाईंनी पाकीट घेतलं,
अंगठा जिभेला लावून नोटा मोजल्या,
दोनदा मोजल्या.
शिव्या नाहीत, माफी नाही.
कनवटीला लावत म्हणाल्या,
"आणि गेल्या सालाचं?"

गेल्या सालाचं मी विसरलो होतो,
असं म्हणायला तोंड उघडलं.
मग मिटलं.

बाईंनी आणखी चिपाडं आत सारली.