उजवा कालवा

फुटलेल्या मण्यांचा हिशोब लावायला
मालकाने मला रॉटरडॅमला पाठवलं.
पिंपळगावच्या शेडमधून निघालेली आमची थॉमसन
सव्वीस दिवस समुद्रात राहून
देठाशी तपकिरी झाली होती.
तिथल्या साहेबाने एक घड उजेडात धरला, झटकला,
गळालेले मणी न बोलता मोजले.
सतरा.
दावा अर्ध्यावर मिटला.
परतीच्या विमानाला दोन दिवस होते.

म्हणून डेल्फ्ट, म्हणून गौडा,
ज्याला तिथले लोक
घसा खाकरल्यासारखं खाउदा म्हणतात.

नाना, तिथे गल्लीच्या मधोमध पाणी.
म्हणजे आपल्या भांडी बाजारात
दुकानांच्या दोन रांगांमध्ये पाट असावा,
आणि समोरचं पातेलं वाजवून बघायला
पूल ओलांडावा लागावा, तसं.
घरं विटांची, अरुंद, उंच,
जराशी पुढे झुकलेली,
खाली काही पडलंय ते शोधत असल्यासारखी.
माथ्यावर लोखंडी आकडा.
जिना इतका चिंचोळा
की कपाट दोर लावून खिडकीतून आत घेतात.

नाना ऐकत होते.
एकतीस वर्षं पाटकरी, उजव्या कालव्यावर,
कमरेला दारांच्या किल्ल्यांचा जुडगा.
म्हणाले, "खोली किती?"
"असेल दहा बाय बारा."
"पाण्याची."

मला माहीत नव्हतं.
दोन दिवस मी पाण्याकडे बघत हिंडलो,
बाकावर बसून चिप्स खाल्ले,
बदकांचे फोटो काढले,
खोली कुणाला विचारली नाही.

"आवर्तन किती दिवसांचं?"
"आवर्तन नाही, नाना. बारमाही असतं,
काठापासून हातभर खाली."
ते बराच वेळ गप्प.
"मग भांडणं कशावरून होतात?"

मी विषय बदलला.
खाउद्याच्या चौकात चीजच्या पिवळ्या चाकांच्या राशी,
दोन माणसं समोरासमोर,
दर बोलत एकमेकांच्या हातावर टाळी देतात,
टाळी, दर, टाळी, दर, शेवटची टाळी पक्की.
नाना हसले.
"आमचं रुमालाखाली. बोटं दाबायची.
बैल कितीला गेला
ते बैलालासुद्धा कळत नसे."

एका पुलावर एक बाई होती, मराइके,
बोट आली की पूल उचलणारी,
आणि काठीच्या दोरीला लाकडी बूट बांधून
खाली सोडणारी. बोटवाला त्यात नाणं टाकतो.
ही गोष्ट त्यांना लगेच पटली.
"पाणीपट्टी," म्हणाले.
"आम्ही चपला झिजवून वसूल केली,
ती जोड्यात घेते."

संध्याकाळी ते म्हणाले, चल.
कॅनॉल रोड. नावात कॅनॉल, खाली डांबर.
मोमोची गाडी, मोबाइलची कव्हरं,
हेल्मेट विकणारा, क्लासमधून सुटलेली पोरं.
नाना मधूनच थांबत, हातातल्या काठीने दाखवत:
इथे दार नंबर नऊ.
इथे शिलेदारांच्या शेताची मोरी,
रात्री दगड घालून फोडायचे.
इथे म्हैस बसायची,
गेज वाचू द्यायची नाही.
काठी एटीएमकडे वळलेली,
एटीएममधून निघालेला माणूस
बावचळून आमच्याकडे बघत राहिलेला.

कुठे भरून टाकलं, कधी टाकलं,
मी तेव्हा शेडमध्ये घडांना कात्री लावत होतो.
नाना रिटायर होऊन चार वर्षं झाली होती.
किल्ल्या कचेरीत जमा केल्याची पावती
अजून घरातल्या पत्र्याच्या डब्यात आहे.

मी फोन काढला, डेल्फ्टचा फोटो दाखवला.
त्यांनी दोन बोटांनी चर्च बाजूला सारलं,
घरं सारली,
माझा चेहराही सारला,
आणि दगडी काठावरची शेवाळाची हिरवी रेघ
डोळ्यांजवळ धरली.
"एवढंच चढतं," म्हणाले.
"दुतोंड्या मारुतीला घोट्याइतकंही नाही."

तेवढ्यात पाणीपुरीवाल्या पोराने
धुतल्या ताटल्यांची बादली
रस्त्यावर रिकामी केली.
गढूळ पाणी जरा घोटाळलं,
स्कूटरच्या चाकाला वळसा घालून
नाशिकरोडच्या दिशेने निघालं.

नाना काठीवर भार देऊन वाकले,
पाणी कोपऱ्यापर्यंत जाईतो बघत राहिले.
"उतार," म्हणाले,
"उतार अजून आमचाच आहे."